रेसिंग बिघडल्याची नऊ कलमं

रेसिंग बिघडलंय, असं दादा पहिल्यांदा म्हणाला ते सीझनच्या दुसऱ्या रेसला. त्यात नवीन काही नव्हतं. आमच्यातलं कुणी ना कुणी हे दर रविवारी म्हणतंच. रेसच्या शौकिनाचं निम्मं सुख रेस बघण्यात असतं आणि निम्मं ती पूर्वीसारखी राहिली नाही हे चारचौघांना सांगण्यात. म्हणून मी लक्ष दिलं नाही. हे आधीच कबूल करून टाकते. मी चष्म्याच्या दुकानाची मालकीण. बावीस वर्षं लोकांचे डोळे तपासतेय. माझा सख्खा भाऊ आठ महिने माझ्याच दुकानात, माझ्यापासून हातभर अंतरावर बसून, आपल्याला दिसत नाही हे मला सांगत होता आणि मी त्याच्याशी वाद घालत होते.

दुकान फार मोठं नाही. पुढे काउंटर, काचेची कपाटं, तीनेकशे फ्रेमा, आणि मागे पडद्याआड तपासणीची खोली. भिंतीवर टीव्ही आहे. एरवी त्यावर हसऱ्या चेहऱ्याची माणसं चष्मे लावून समुद्राकडे बघत असतात. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा दुपारी शटर अर्धं खाली ओढून आम्ही चौघं त्यावर गाड्यांची रेस बघतो. खालची, हौशी लोकांची नाही, सगळ्यात वरच्या दर्जाची. बाकीच्यांना आम्ही रेस म्हणत नाही.

चौघांत पहिला दादा, माझा थोरला भाऊ. शहर बससेवेत ड्रायव्हर. एकतीस वर्षं नोकरी आणि एकही अपघात नाही. रेसचं वेड मला त्यानेच लावलं. दुसरे कलमराव, नोंदणी कार्यालयात हेडक्लार्क आहेत. रेसिंगची नियमावली त्यांनी छापून, कापडी बांधणी करून घेतलीय आणि ती मांडीवर घेऊनच बसतात. त्यांना रेस जास्त आवडते की नियमावली, हे त्यांच्या बायकोलाही सांगता यायचं नाही. तिसऱ्या आकडेबाई, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्या गाड्यांकडे बघतच नाहीत. पडद्याच्या कडेला वेळा येतात तेवढ्या बघतात आणि वहीत उतरवतात. चौथी मी.

आमच्यात एक नियम आहे. रेस चालू असताना रेसशिवाय दुसरं काही बोलायचं नाही. घर नाही, राजकारण नाही, तब्येत तर मुळीच नाही. हा नियम मीच केला, आणि त्याला कारण कलमरावांचं पित्ताशय. काही वर्षांपूर्वी ते त्यांचे खडे किती आणि केवढे हे हाताने दाखवत होते, आणि आम्ही तिघं भिडस्तपणे त्यांच्या हाताकडे बघत होतो, तेवढ्यात शेवटच्या लॅपला शेवटच्या वळणावर पहिला नंबर बदलला. आम्ही पाहिलाच नाही. तेव्हापासून तब्येतीचा शब्द काढला की पाच लॅप शटरबाहेर. आकडेबाई एकदा नुसतं ‘आई गं, गुडघा’ म्हणाल्या तर मी त्यांना बाहेर काढलं होतं. त्या मुकाट्याने गेल्या. दादा मात्र कधीच बाहेर गेला नाही. त्याच्या तोंडून तब्येतीचं अवाक्षर निघालं नाही. तो फक्त रेसबद्दल बोलत होता.

“या गाड्या सगळ्या सारख्याच दिसायला लागल्यात,” तो त्या दुसऱ्या रेसला म्हणाला. “कोण कुठला काही कळत नाही.”

“दिसणारच,” कलमराव म्हणाले आणि त्यांनी पान काढलं. “नाक किती लांब, मागचा पंख किती उंच, सगळं मोजून दिलंय. जरा वेगळी गाडी काढली की घरी पाठवतात. सारखी दिसावी हीच अपेक्षा आहे.”

“पहिल्या दहा गाड्यांत मिळून पाऊण सेकंदाचाही फरक नाही,” आकडेबाई वहीतून म्हणाल्या. “सारख्याच आहेत.”

“आणि वजन वाचवायला रंग देत नाहीत हल्ली,” मी म्हटलं. “निम्मी गाडी म्हणजे नुसता काळा सांगाडा.”

झालं. दादाला गाड्या ओळखू येत नव्हत्या आणि आम्ही तिघांनी मिळून ते बरोबर कसं आहे हे त्याला पटवून दिलं. तो समाधानाने मागे टेकला.

पुढच्या महिन्यात त्याने ट्रॅक काढले. “हे नवे ट्रॅक आखतं कोण? सरळ रस्ता म्हणतात आणि मध्येच बाक. पूर्वी सरळ म्हणजे सरळ असायचं.”

कलमरावांनी लगेच दुजोरा दिला. हल्ली शहरातल्या रस्त्यांवरच रेस घेतात, मग इमारती जातील तसा रस्ता जाणार, त्यात कसला आलाय सरळपणा. आकडेबाईंनी त्या रस्त्याची लांबी सांगितली, बाकासकट. मी एकटीनेच म्हटलं की मला तर सरळ दिसतोय.

“तुला दिसणारच,” दादा म्हणाला. “तू आयुष्यात काय चालवलंस? शिवणयंत्र.”

मला गाडी चालवता येते. त्यानेच शिकवलीय. पण तो असं बोलला की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात आणि मग मुद्दा सुटून जातो, म्हणून मी गप्प बसले. तेव्हा मी भांडायला हवं होतं. एरवी मी कुठल्याही गोष्टीवरून भांडते.

मग कॅमेरा. हे सगळ्यात गाजलं. “नेमकी जिच्याकडे बघावं तीच गाडी गायब,” दादा म्हणाला. “कडेचं सगळं दाखवतात. झेंडे, जाहिराती, टोप्या घातलेली माणसं. मधलं काहीच नाही.” आणि दुर्दैव असं की त्याच वेळी पाचव्या नंबरासाठी दोन गाड्या चाकाला चाक लावून वळणात शिरल्या, आणि पडद्यावर गॅरेजमध्ये बसलेला कुणी नट दाखवला. त्याच्या कानांवर मोठे हेडफोन होते आणि तो चुकीच्या दिशेला बघत होता. कलमराव उभे राहिले. आकडेबाईंनी पेन आपटलं. मी टीव्हीला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला आजही राग येतो तो याचाच, की त्याचं म्हणणं खरं होतं. त्याला दिसत नव्हतं हेही खरं आणि दाखवत नव्हते हेही खरं.

सीझन संपत आला तेव्हा कलमराव म्हणाले, नुसतं बोलून काय उपयोग, रीतसर अर्ज करू. प्रक्षेपण करणाऱ्यांना एक, नियम करणाऱ्यांना एक. चौघांच्या सह्या घालू. मजकूर मुख्यतः दादाने सांगितला, कारण तक्रारी मुख्यतः त्याच्याच होत्या. कलमरावांनी त्याला भाषा दिली. नऊ कलमं झाली. टाइप करायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुकानात कॉम्प्युटर आहे.

बुधवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी टाइप करायला बसले. माझ्या कॉम्प्युटरवर लिहिण्यासारखी एकच जागा आहे, गिऱ्हाइकाचं कार्ड. दुसरं काही मी कधी शिकले नाही. कार्ड उघडलं की वर नाव, वय, व्यवसाय भरल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नाही. पहिली सही दादाची होणार म्हणून मी दादाचं नाव घातलं. वय सत्तावन्न. व्यवसाय ड्रायव्हर. त्याच्याखाली मोठी चौकट असते, तिच्यावर ‘तक्रार’ लिहिलेलं असतं. तीत मी एकामागून एक कलमं उतरवली आणि चुका बघायला पहिल्यापासून वाचायला लागले.

‘सरळ रेषा मध्यभागी वाकलेल्या दिसतात. समोरील मुख्य वस्तू पुसट वा अदृश्य असते, परंतु कडेच्या वस्तू स्पष्ट दिसतात. लाल रंग विटका, तपकिरी भासतो. गाड्यांवरील अंक वाचता येत नाहीत. गॅरेजमधील दृश्यं अनावश्यक काळोखी असतात.’

पाचव्या कलमापर्यंत माझा हात आपोआप खालच्या चौकटीकडे गेला. तिथे पुढे काय करायचं ते लिहायचं असतं. असली तक्रार मी वरच्या चौकटीत बावीस वर्षांत सात-आठ वेळा लिहिली असेल, आणि प्रत्येक वेळी माणसाला त्याच दिवशी, त्याच पावली नेत्रतज्ज्ञाकडे पाठवलं. हे चष्म्याने सुधारणारं काम नसतं. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध सूज येते, पाणी साठतं, आणि जिकडे बघावं तेवढीच जागा जाते. लवकर गाठलं तर थांबवता येतं. उशीर झाला तर नाही. मी खालच्या चौकटीत ‘आजच’ असं लिहिलं. मग नजर वर गेली आणि व्यवसाय वाचला.

मी त्याला फोन लावला. दादा गाडीवर असताना फोन उचलत नाही, एकतीस वर्षांत कधीच उचललेला नाही. मला त्याचा एवढा संताप पूर्वी कधी आला नव्हता. मी खणातून आडव्या-उभ्या रेघांच्या चौकटींचा तपासणीचा तक्ता घेतला, शटर पूर्ण खाली ओढलं आणि त्याच्या रूटच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिले. गाडी वेळेवर आली. त्याची गाडी वेळेवरच येते.

“दादा,” मी पायरीवरून म्हटलं.

तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे तोंड वळवलं. “छोटी? दुकान बंद ठेवलंस? तिकीट काढ, फुकट नेणार नाही.”

मी त्याच्या मागच्याच सीटवर बसले. पहिली दहा मिनिटं मला वाटलं, माझंच चुकलं. गाडी लोण्यासारखी चालली होती. प्रत्येक स्टॉपला दार बरोबर फुटपाथच्या कडेला. मग सिग्नल आला. दादा वर बघतच नव्हता. तो शेजारच्या टॅक्सीकडे कान देऊन होता. ती थांबली तसा हा थांबला, ती हलली तसा हा हलला. पुढच्या सिग्नलला शेजारी दूधवाल्याची व्हॅन होती. मी सीटची दांडी पकडली.

दवाखान्याच्या वळणानंतर रस्ता रुंद होतो. तिथे पट्ट्यांवर एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. अगदी मधोमध होती. मला ती लांबून दिसली, आणि दादाचा पाय हलायची मी वाट बघत राहिले. तो हलला नाही.

“दादा! बाई!”

त्याने ब्रेक मारला. उभी माणसं एकमेकांवर आली, कुणाच्या तरी पिशवीतले कांदे पार दारापर्यंत घरंगळत गेले. बाबागाडी आणि बस यांच्यात दोन पावलांचं अंतर राहिलं. बाईने आधी मुलाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि जे बोलायचं ते काचेतूनही ऐकू आलं.

“कुठून आली ही?” दादा म्हणाला.

ती कुठून आली नव्हती. ती पहिल्यापासून तिथेच होती.  शेवटचा स्टॉप तिथून चार मिनिटांवर होता. ती चार मिनिटं मी त्याच्या खांद्यामागे उभी राहून, ‘पुढे सायकल’, ‘पुढे कुत्रा’, ‘पुढे कुणी नाही’ असं मोठ्याने सांगत काढली. त्याने एकदाही ‘गप्प बस’ म्हटलं नाही. त्यावरून मला समजलं की त्यालाही आता काहीतरी उमगलंय.

शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले, तसा दादाही सीटवरून उठून मागे आला. परतीच्या फेरीला बारा मिनिटं होती. मी तक्ता त्याच्यासमोर धरला.

“हे आकडेबाईंच्या वहीचं पान का फाडलंस?”

“डावा डोळा झाक. काय दिसतं?”

“मध्ये काही नाही. भोक पडलंय.”

“आता उजवा झाक.”

तो बराच वेळ बघत राहिला. “रेघा लाटा मारतायत. कागद भिजलाय का गं?”

कागद भिजला नव्हता. त्यावर प्लॅस्टिक चढवलेलं असतं. मी त्याला सांगितलं, जसं मी कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगते तसंच. उजवा बहुतेक गेलाय. डावा जायला निघालाय, त्याला अजून धरता येईल. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. रेसमध्ये ड्रायव्हर रेडिओवरचा निरोप ऐकतात तसा खाली मान घालून ऐकून घेतलं.

“कधीपासून असेल?”

“दुसऱ्या रेसपासून.”

त्याने बोटांवर मोजलं. मग म्हणाला, “म्हणजे रेसिंग बिघडलेलं नाही?”

“बिघडलंय. पण तू म्हणतोस तितकं नाही.”

“आणि तो सरळ रस्ता?”

“अगदी सरळ आहे.”

“मी त्या ट्रॅक आखणाऱ्याच्या आईबापाचा उद्धार केला गं,” दादा म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. आपले डोळे जातायत यापेक्षा त्या अनोळखी माणसाला शिव्या घातल्याचं त्याला त्या क्षणी जास्त लागलं, आणि मला त्याच्या गळ्यात पडून रडावं की त्याला एक ठेवून द्यावी हे ठरवता येईना.

तोपर्यंत परतीची माणसं दारात जमायला लागली. डोळ्याच्या कडेने वेळ दिसावी म्हणून दादाने घड्याळ कानापाशी नेलं, मग माझ्याकडे बघून खाली केलं. “ही एवढी फेरी टाकतो आणि डेपोत गाडी लावून सांगतो. रस्ता पाठ आहे मला.”

“रस्ता पाठ आहे. माणसं पाठ नाहीत.”

“छोटी, चौदा महिने राहिलेत.”

त्याला काय म्हणायचं होतं ते मला माहीत होतं. चौदा महिन्यांनी तो निवृत्त होणार होता. बत्तीस वर्षं पुरी आणि अपघात शून्य. डेपोत तसा एकही ड्रायव्हर झालेला नाही. त्याबद्दल डेपोकडून जी पाटी मिळणार होती ती लावायची भिंतसुद्धा वहिनीने मोकळी करून ठेवली होती. तो सीटपाशी परत यायच्या आत मी त्याच्या सीटवर जाऊन बसले. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि म्हटलं, “मी उठणार नाही.”

“छोटी, ऊठ. लोक बघतायत.”

“बघू देत.”

एका म्हाताऱ्याने मला पास दाखवला. मी मान हलवली. त्याच्यामागच्या बाईने विचारलं, ही गाडी बाजारावरून जाते का. मी म्हटलं, ही गाडी कुठूनच जात नाही. ती म्हणाली, मग आत कशाला घेता. हा प्रश्न रास्त होता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तरी मी तिच्याशी भांडायच्या तयारीत होते. दादा दांडीला धरून उभा होता. गाडीत आपण उभे आहोत आणि सीटवर दुसरं कुणी आहे हे त्याने एकतीस वर्षांत अनुभवलं नव्हतं.  मग तो माझ्या खांद्यावरून वाकला, चाचपडून वायरलेसचा माइक घेतला आणि आपला गाडी नंबर सांगितला.

“बोला,” पलीकडून आवाज आला. “काय बिघाड आहे?”

“गाडीत काही नाही. गाडी उत्तम आहे,” दादा म्हणाला. “ड्रायव्हर बाद झालाय. दुसरा पाठवा.”

पलीकडे थोडी खरखर झाली. “ड्रायव्हर आहे कुठे?”

“मीच बोलतोय.”

त्याने माइक जागेवर लावला, सीटच्या मागे अडकवलेली पिशवी काढून घेतली आणि पहिल्या बाकावर खिडकीशी जाऊन बसला. दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्यात त्याने चढलेल्या प्रत्येक माणसाची माफी मागितली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सांगण्यासारखं नाही. सुई थेट डोळ्यात देतात. महिन्याला एक, अशा तीन झाल्या. उजव्याचं काही होणार नाही हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. डाव्याची सूज हळूहळू उतरली. डेपोने दादाला निरोप दिला, अगदी चांगला, आणि जड वाहनाचा परवाना त्याने स्वतः जाऊन जमा केला. कलमरावांना अर्जाची हकीकत कळली तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोने सांगितलं. आठ महिने आपण आजाराला कलमं लावत होतो हे त्यांना सहन होईना. आकडेबाईंनी वही काढून दादाच्या प्रत्येक तक्रारीची तारीख लिहून माझ्याकडे दिली, डॉक्टरला उपयोग होईल म्हणून. झालाही.

एक मात्र आम्हाला कुणालाच समजत नव्हतं. डाव्या डोळ्याने त्याला आता नेमकं किती दिसतं? विचारलं की तो ‘ठीक’ म्हणायचा. वहिनीला ‘ठीक’, मला ‘ठीक’. तक्त्यावरच्या ओळी तो डॉक्टरीणबाईंपुढे वाचत होता, पण तक्ता हलत नाही. तीनशेच्या वेगाने जाणारी गाडी त्याला दिसते का, रविवार त्याला उरलाय का, हे मला कळायला हवं होतं. बस गेली ती गेलीच. पण रेसही गेली असती तर त्याच्याकडे काय राहणार होतं, या विचाराने माझी झोप उडाली होती.

नव्या सीझनच्या पहिल्या रेसला तो आला. वहिनीने शटरपर्यंत सोडलं. मी म्हटलं, दादा, तो तब्येतीचा नियम मी रद्द केलाय. तो म्हणाला, “मुळीच नाही. नियम आहे तो आहे. पाच लॅप बाहेर.” आणि आपल्या खुर्चीत बसला. म्हणजे विचारायची सोयच राहिली नाही.

आम्ही तिघांनी आधी ठरवून ठेवलं होतं, त्याला रेस बोलून दाखवायची. सगळी, सहज बोलल्यासारखी. पण रेस निघाली भयाण रटाळ. पहिल्या वळणावर जी रांग लागली ती लागली. कुणी कुणाच्या जवळ जाईना. सगळे टायर जपत, बॅटरी जपत, एकमेकांपासून अंतर राखून चालले होते. दहा लॅप मी हे खरंखुरं सांगितलं आणि दादाचा चेहरा बघून मला राहवेना.

“अरे, आत शिरला!” मी म्हटलं. “पाचवा गेला चौथ्यावर!”

“असं?” दादा पुढे सरकला.

कलमरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग नियमावली मिटली, जी मी मिटलेली कधी पाहिली नव्हती. “बाहेरून गेला. बाहेरून,” ते म्हणाले. “धाडस म्हणायचं.”

“वा,” दादा म्हणाला. “फरक किती राहिलाय, बाई?”

आकडेबाईंनी चाळीस वर्षं मुलांना आकडा मनाने लिहायचा नाही हे शिकवलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. “शून्य पूर्णांक... तीन,” त्या म्हणाल्या. त्यानंतर मात्र आम्ही सुटलोच. वीस लॅपमध्ये आम्ही सात ओव्हरटेक घडवले, एकाला गवतात पाठवला आणि परत आणला. दादा ‘वा’ आणि ‘असं का’ म्हणत ऐकत होता.

एकतिसाव्या लॅपला तो मध्येच म्हणाला, “दुसऱ्या गाडीचा पुढचा पंख डावीकडून सुटलाय. कुणी बोलत कसं नाही?”

मी पडद्याकडे पाहिलं. गाडी अखंड होती. कलमरावांनी चष्मा पुसून पाहिलं, आकडेबाईंनी कधी नव्हे ते गाडीकडे पाहिलं. काही नव्हतं.  परत वाकडं दिसतंय, डाव्यातही पाणी भरलं, तीन सुया वाया गेल्या, असं सगळं एकदम डोक्यात आलं. मी कसाबसा आवाज सरळ ठेवला. “हो रे,” मी म्हटलं. “सुटलाय खरा.”

गाडी सरळ रस्त्याला लागली. पंखाची डावी कड थरथरली, एकदा खाली टेकली, ठिणग्या उडाल्या, आणि तुकडा उडून मागच्या गाडीवरून गेला. समालोचक ओरडायला लागला. मग त्यांनी तेच संथ करून दाखवलं, आणि त्यात एक लॅप आधी, वळणातून निघताना, बोटभर फट दिसली. आमच्या तिघांच्या धडधाकट सहा डोळ्यांना ती दिसली नव्हती.

 मी कधी उठून उभी राहिले मला कळलं नाही.

“आणि छोटी,” दादा म्हणाला, “पहिल्या लॅपपासून एकही ओव्हरटेक झालेला नाही. जसे निघाले तसेच चाललेत. मला वाटलं थोडा वेळ मजा बघावी, पण तुम्ही थांबेचनात. बाई, निदान तुम्ही तरी.”

आकडेबाई वहीत तोंड घालून बसल्या. कलमराव पान शोधायला लागले. मला हसूही येत होतं आणि हुंदकाही आवरत नव्हता. मी जिथे होते तिथेच उभ्याउभ्या ढसाढसा रडायला लागले, बावीस वर्षांत त्या दुकानात कुणासमोर रडले नव्हते तशी.

“रड, रड,” दादा म्हणाला. “पण टीव्हीसमोरून बाजूला होऊन रड. मला दिसत नाहीये.”

मी बाजूला झाले. पडद्यावर सगळ्या गाड्या एकामागून एक, कुणी कुणाला न ओलांडता, जात राहिल्या, आणि दादा पुढे वाकून त्यांच्याकडे बघत राहिला.